ऊस तुटला की उंदीर गाडीत शिरतात: पार्किंगपासून वायरिंगपर्यंत काय करायचं

डिसेंबरातल्या एका सकाळी मार्केट यार्डात जायला गाडी काढली, तर मीटरवर दोन दिवे लागलेले. एक इंजिनचा, एक एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा. पुढच्या काचेवर दव होतं म्हणून पाणी मारायची दांडी ओढली. पंपाचा आवाज आला, पाणी काही आलं नाही. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या झाकणावर वीतभर उसाचं कांडं पडलेलं, एका बाजूने छान सोललेलं. शेजारी शेंगांची टरफलं आणि बॉनेटच्या आतल्या अस्तराचा पिंजलेला कापूस. काचेच्या पाण्याची नळी दोन जागी तुटलेली. चाकाकडे जाणाऱ्या वायरीचा मधला भागच नव्हता. त्याचा बोटभर तुकडा नंतर कापसात सापडला.

मिस्त्री आला, टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाला, "दादा, ह्यो पावणा न्हाई. हितं बिऱ्हाड केलंय."

वायर जोडली, नळी बदलली, साडेतीन हजार गेले. वीस दिवसांनी तीच गाडी, तीच नळी. मग मात्र मिस्त्रीला फोन करायच्या आधी मी रात्री टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये बसलो, आणि तिथून हा विषय मला कळायला लागला. पुढचं सगळं त्या हिवाळ्यात शिकलेलं आणि नंतर शेजारपाजारच्या पाच-सहा गाड्यांवर करून बघितलेलं आहे. सांगितलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण बाजारातून फवाऱ्याची बाटली आणून सुरुवात करतात. मी ती जवळजवळ शेवटाला ठेवली आहे, आणि का ते तिथे सांगतो.

उंदीर येतो कुठून

आमचं घर सांगली शहराजवळच्या सांगलीवाडीत. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला ऊस. उसाचा फड म्हणजे उंदरांची वर्षभराची सोय: सावली, पाचटाचा आडोसा, बांधात बिळं आणि तोंडाशी गोड कांडं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो, टोळ्या येतात आणि दोन-चार दिवसांत फड रिकामा होतो. पाचट पेटवलं तर एका रात्रीत. तिथले उंदीर मग जवळच्या घरांकडे, गोठ्यांकडे सरकतात. गाडीत त्यांना खायला फारसं काही नसतं. पण रात्री इंजिन दोन-तीन तास कोमट राहतं, वर पत्रा, आत अंधार, आणि मांजराला आत पोचता येत नाही. थंडीत उंदराला आणखी काय पाहिजे?

दुसरा हंगाम पावसाचा. बिळांत पाणी शिरलं की उंदीर उंच जागा शोधतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने चाळीस फुटांची इशारा पातळी गाठली की आपण गाड्या उंचावर नेऊन लावतो. उंदीरही तेच करतात. 2019 आणि 2021 च्या पुरात गाड्या रस्त्याकडेला दिवसचे दिवस रांगेने उभ्या होत्या. अशी उभी रांग उंदराला आयतीच. तुमची गाडी पुराच्या वेळी हलवली असेल, तर पाणी उतरल्यावर बॉनेट उघडून बघितल्याशिवाय चालू करू नका.

गणपती पेठ, मार्केट यार्ड, भुसारची दुकानं, हळदीची नि बेदाण्याची गोदामं या भागात हंगाम वगैरे काही नाही. तिथे बाराही महिने उंदीर.

आता कोण येतो ते ओळखू. गाडीतला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे घरातला काळा उंदीर. अंग सडपातळ, शेपटी अंगापेक्षा लांब, आणि चढण्यात पटाईत. त्याच्या लेंड्या साधारण सेंटिमीटरभर किंवा थोड्या मोठ्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर ते छोटे घरउंदीर. ते पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत जातात. घूस अंगाने जड, ती फार चढत नाही, पण पार्किंगच्या फरशीखाली बीळ करून माती बाहेर टाकते. चिचुंद्री उंदीरच नव्हे. लांब सोंड, उग्र वास, खाते किडे. ती वायरी कुरतडत नाही, तेव्हा तिला मारण्यात वेळ घालवू नका.

वायर कशाला कुरतडतात, याचं लोकप्रिय उत्तर म्हणजे 'हल्ली वायरींचं आवरण सोयाबीनचं असतं.' पण उंदीर जुन्या ट्रॅक्टरची साधी पीव्हीसी वायरही तितक्याच प्रेमाने तोडतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला सतत काहीतरी लागतं. शिवाय वाटेत आडवं आलेलं कापायचं आणि मऊ मिळेल त्याचं घरटं करायचं, ही त्याची सवय.

पहिली पायरी: रांगोळीची रात्र

पाव किलो पांढरी रांगोळी घ्या. गाडी रोजच्या जागी लावल्यावर चाळणीने चारही चाकांभोवती हातभर रुंद पट्टा टाका. एक पट्टा भिंतीच्या कडेने, एक ड्रेनेजच्या झाकणाभोवती. जाड टाकू नका, खालची फरशी अर्धवट दिसेल इतकीच. जाड टाकली तर ठसा ढासळतो आणि काही कळत नाही; मी पहिल्या रात्री हीच चूक केली. सकाळी कोवळं ऊन तिरकं असताना, झाडू यायच्या आत, वाकून बघा. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि बहुतेक वेळा मधून शेपटीची बारीक रेघ. मांजराचे ठसे गोल, नखं दिसत नाहीत.

लागोपाठ तीन रात्री करा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्यामुळे पहिल्या रात्री रांगोळी कोरी राहिली म्हणून उंदीर नाही असं धरू नका. माझ्याकडे दुसऱ्या रात्री काही नव्हतं, तिसऱ्या सकाळी मात्र ठशांची सरळ रेघच होती: शेजारच्या काकांच्या गोठ्याच्या भिंतीपासून, मीटरच्या पेटीखालून, थेट पुढच्या डाव्या चाकापर्यंत. उजवीकडची दोन्ही चाकं स्वच्छ. उंदीर उघड्यावरून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. रोजच्या वाटेवर भिंतीला तेलकट काळा पट्टाही पडतो. एकदा दिसला की मग तो सगळीकडे दिसायला लागतो.

दुसरी पायरी: गाडी तपासणं

हे किल्ली फिरवायच्या आधी करायचं. आधी बॉनेटवर दोन थापा मारा. आत कोणी असेल, उंदीर किंवा ऊब शोधत आलेलं मांजराचं पिल्लू, तर त्याला पळायला वेळ मिळतो. मग नाक लावा. पेट्रोल-डिझेलचा वास आला तर गाडी चालू करू नका, ढकलून उघड्यावर घ्या आणि मिस्त्रीला तिथेच बोलवा. इंधनाची रबरी नळी कुरतडलेली असली तर एका ठिणगीने काम तमाम होतं. तांब्याच्या उघड्या तारा दिसल्या तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवा. गाडी विजेवरची किंवा हायब्रिड असेल तर केशरी रंगाच्या जाड केबलला हातच लावायचा नाही, ती उच्च दाबाची असते.

बघायच्या जागा: बॅटरीच्या भोवती आणि खाली, एअर फिल्टरच्या डब्यात (घरट्याची आवडती जागा), बॉनेटच्या अस्तराचे कोपरे, काचेच्या पाण्याच्या नळ्या, वायपरच्या खालच्या जाळीत, चाकांकडे जाणाऱ्या एबीएसच्या वायरी, सायलेन्सरवरच्या सेन्सरची वायर. आत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसीचा फिल्टर असतो. तो काढून बघा. एसी लावल्यावर मुताचा वास येत असेल तर नव्वद टक्के वेळा घाण तिथेच सापडते. डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या बंपरच्या आतली हवा जायची झडप, हीसुद्धा आत शिरायची वाट आहे.

जे दिसेल त्याचे फोटो काढा, तारखेसकट. विम्याला लागतात.

तिसरी पायरी: घाण काढणं

इथे घाई नको. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पुरानंतर आपल्या भागात या रोगाची भीती वाढते. रबरी हातमोजे, मास्क, आणि दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या. मग ब्लीचचं पाणी: मेडिकलमध्ये मिळणारं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण एक भाग, पाणी दहा भाग. घाणीवर शिंपडा, दहा मिनिटं भिजू द्या आणि कागदाने उचला. कोरडं झाडायचं नाही. वॉशिंग सेंटरवाला हवेच्या पाइपने घरटं उडवायला निघाला तर थांबवा. ती धूळ त्याच्या आणि तुमच्या छातीत जाते. व्हॅक्यूम क्लीनरही नको.

ब्लीच सीटच्या कापडावर, अॅल्युमिनियमवर किंवा वायरींच्या जोडावर टाकू नका, गंजतं आणि डाग पडतात. तिथे साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं. आणि ब्लीचमध्ये फरशीचं अॅसिड मिसळायचा प्रयोग करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. एसीचा फिल्टर धुऊन परत लावायचा मोह होतो. त्यात नवीनच घाला, चार-पाचशे रुपयांचं काम आहे. घरटं, लेंड्या, मोजे सगळं दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. हे झाल्यावर महिनाभरात अंग दुखून ताप आला तर डॉक्टरला 'उंदराची घाण काढली होती' हे स्वतःहून सांगा.

घाण काढायचं कारण नुसतं आरोग्य नव्हे. मुताच्या वासावरून दुसरा उंदीर त्याच जागी येतो. माझ्या गाडीत दुसऱ्यांदा जो आला तो बहुधा असाच, कारण पहिल्या वेळी आम्ही वायरी जोडल्या आणि कापूस नुसता हाताने झटकला होता.

चौथी पायरी: दुरुस्ती

साधी वायर, म्हणजे हॉर्नची, दिव्याची, वॉशर पंपाची, तुटली तर जोडता येते. पण कशी जोडतात ते उभं राहून बघा. दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत यायचं आमंत्रण. सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह घालायला सांगा. दहा मिनिटं जास्त जातात. एअरबॅगच्या वायरी बहुतेक गाड्यांत पिवळ्या वेष्टणात असतात. त्यांना रस्त्यावरच्या वायरमनने हात लावू नये, तुम्हीही लावू नये. इंजिनच्या कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या जुडग्यात पाच-सहा वायरी तुटल्या असतील तर तो भाग कंपनीचा बदलणंच बरं. महाग पडतं, पण एका सैल जोडामुळे गाडी महामार्गावर बंद पडण्यापेक्षा स्वस्त.

जोडल्यावर वायरींवर फ्लेक्सिबल पाइप चढवून घ्या. उंदीर तोही कुरतडू शकतो, पण वेळ लागतो. तिखटाचा अंश असलेली खास टेप मिळते. होंडा कंपनी स्वतः अशी टेप विकते. मिळाली तर ज्या वायरीवर आधी दात लागले तिथेच लावा, अख्ख्या इंजिनभर गुंडाळत बसू नका.

पाचवी पायरी: वाट बंद करणं

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा खर्च करण्यासारखी पायरी ही. आणि खर्च आधी जागेवर, मग गाडीवर.

रांगोळीने दाखवलेली वाट धरून मागे मागे जा. माझ्या बाबतीत ती काकांच्या गोठ्यात सरकी पेंडीच्या पोत्यापाशी संपली. काकांना सांगायला गेलो, "काका, तुमच्या पेंडीवर जेवून माझ्या गाडीत झोपायला येतात." ते हसले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पेंड पत्र्याच्या पिंपात भरली, झाकणावर दगड. एवढ्याने फरक पडला. तुमच्याकडे ते कुत्र्याचं ताट असेल, कबुतरांना टाकलेली ज्वारी असेल, सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा डबा असेल. विश्रामबागच्या एका अपार्टमेंटमध्ये तर खाली देवळीपुढचे तांदूळ आणि नारळाचे तुकडे होते. तिथे कुणी काही बोलायला धजेना, शेवटी पुजाऱ्यालाच विनंती केली.

मग बिळं. बीळ चालू आहे का हे बघायला तोंडावर ओला चिखल थापा. सकाळी उघडलेलं असेल तर चालू. ते दगड-खडी आणि सिमेंटने भरा. भिंतीतली भोकं स्टीलच्या घासणीचा बोळा कोंबून वरून सिमेंटने बंद करा. लाकूड, थर्माकोल, फोम यांचा उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी भुगा मिळतो. ड्रेनेजच्या झाकणाला बोटभर फट असेल तर खाली जाळी बसवा. मोठ्या उंदराला साधारण 12 मिमी फट पुरते, तेव्हा जाळीचं भोक त्याहून लहान हवं, आणि ती दर आठवड्याला साफ करायला हवी, नाहीतर पाणी तुंबतं. गाडीवर लोंबणारी मधुमालती किंवा पेरूची फांदी छाटा, काळा उंदीर वरूनही उतरतो. भिंतीपासून दोन फूट अंतर सोडून गाडी लावा. भंगार, जुने टायर, कापलेल्या कडब्याचा ढीग पार्किंगमधून हलवा.

गाडीत खाणं ठेवू नका हे सगळे सांगतात. आपल्याकडे त्याचा अर्थ असा: भडंगाचं पाकीट दाराच्या कप्प्यात नको. बंद दिसत असलं तरी त्याला लसणाचा नि शेंगदाण्याचा वास असतो, आणि प्लास्टिक म्हणजे उंदराला कागद. सोबत मागच्या सीटखाली सांडलेले मुरमुरे, देवाच्या प्रसादाची पुडी, लहान मुलांची बिस्किटं. सीट उचलून बघा, दचकाल.

मग गाडीची जाळी. बाजारात गाडीच्या मॉडेलप्रमाणे 'रॅट गार्ड' मिळतात. मला स्वतः बनवलेली जास्त पटली: 6 मिमी भोकांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. वायपरच्या खाली जिथून हवा एसीत जाते त्या तोंडावर आतून बसवायची. बांधायला प्लास्टिकचा केबल टाय नको, तो कुरतडतात किंवा उष्णतेने पिचतो. स्टीलची बाइंडिंग तार वापरा आणि टोकं वाकवा, नाहीतर पुढच्या सर्व्हिसला मिस्त्रीच्या हाताला लागतात. जाळी पंख्याच्या, बेल्टच्या किंवा सायलेन्सरच्या जवळ येता कामा नये. रेडिएटरपुढे तर काहीच लावायचं नाही, इंजिन तापेल. आणि वायपरच्या खाली पाणी जायची छिद्रं असतात, ती बुजवली तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायाखाली येतं. एकाने ती सिलिकॉनने बंद केली होती. उंदीर थांबले, पण मॅट कुजली.

इंजिन खालून उघडं असतं, ते पूर्ण बंद होत नाही. म्हणून जागेचं काम आधी.

गाडी रोज चालत नसेल तर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं फिरवून आणा आणि शक्य असेल तर जागा बदला. बंद गॅरेज असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा. उंदराला अंधार आणि छप्पर हवं असतं, दोन्ही गेलं की त्याचा रस कमी होतो. बॉनेटखालचा दिवा असलाच तर तो काढून ठेवा, बॅटरी उतरेल.

पिंजरा

वाट बंद करून आठवडाभरात पिंजरा लावायचा, आधी नाही. खाण्याची रेलचेल असताना उंदीर पिंजऱ्यात कशाला जाईल?

चापाचा सापळा किंवा साधा तारेचा पिंजरा, दोन्ही चालतात. सापळा भिंतीला काटकोनात, चापाचं तोंड भिंतीकडे. मधे अंगणात ठेवलेला सापळा फक्त आपल्या पायाला लागतो. तीन-चार रात्री चाप न लावता नुसतं आमिष ठेवा आणि खाऊ द्या. पाचव्या रात्री चाप लावा. शेंगदाण्याचा कूट गुळात घट्ट मळून खिळ्याला चिकटवा म्हणजे ओढून नेता येत नाही. आमच्याकडे सगळ्यात चांगलं काय चाललं म्हणाल, तर तेलात परतलेला सुक्या बोंबलाचा तुकडा. एकच सापळा नको, वाटेवर चार-पाच लावा आणि एकाच रात्री चालू करा.

जिवंत पकडलेला उंदीर आयर्विन पुलापलीकडे किंवा दुसऱ्याच्या फडात सोडून येणं म्हणजे आपली अडचण शेजाऱ्याच्या दारात टाकणं. चिकटपट्टी मला पसंत नाही. त्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो, आणि पाल, चिमणी, मांजराचं पिल्लूही अडकतं.

विषाबद्दल

गाडीत किंवा गाडीखाली विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर सांगितलेल्या जागी मरत नाही. तो डॅशबोर्डच्या मागे जाऊन मरतो, आणि मग पंधरा-वीस दिवस वास. डॅशबोर्ड खोलायची मजुरी विचारून बघा.

झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटात गेली की विषारी वायू होतो, त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने माणसाचं यकृत निकामी होतं, तिच्यावरही उतारा नाही. ती घरात आणूच नका, लहान मुलं असोत वा नसोत. धान्यात ठेवतात ती सल्फासची विषारी गोळी घराजवळच्या बिळात टाकायची तर अजिबातच नाही. ब्रोमॅडिओलोनची तयार वडी त्यातल्या त्यात कमी धोक्याची, तिच्यावर व्हिटॅमिन के हा उपचार आहे. पण ती खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजर किंवा गव्हाणी घुबड खातं, आणि तेही मरतं. आपल्यासाठी रात्रभर फुकट काम करणारा तो पक्षी आहे. सोसायटीला विष वापरायचंच असेल तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून, कुलूपबंद पेटीत. कुणी चुकून विष खाल्लं तर घरी मीठपाणी पाजत बसू नका, पाकिटासकट थेट दवाखान्यात न्या.

फवारे, गोळ्या आणि पेट्या

आता ती बाटली. फवाऱ्याने काही दिवस फरक पडतो, मग वास उडतो. इंजिनच्या उष्णतेत तर आठवड्यातच. पुदिन्याचं तेल, तंबाखूची पुडी, बॉनेटमध्ये ठेवलेली तिखटाची पुरचुंडी यांचंही तेच. उंदराला सवय होते. माझ्या मते फवारा हे काम पूर्ण झाल्यावरचं पुरवणीचं औषध आहे. वाट मोकळी असताना मारलेला फवारा म्हणजे दुकानदाराला दिलेली देणगी. डांबर गोळ्या गाडीच्या आत ठेवू नका, बंद काचांत तो वास माणसालाच बाधतो. रॉकेल किंवा डिझेल शिंपडणारे लोकही भेटले. गरम इंजिनवर! आवाज करणाऱ्या पेट्यांचा, माणसाला ऐकू न येणारा सूक्ष्म आवाज अडथळ्यापलीकडे जात नाही, आणि इंजिनखाना म्हणजे अडथळेच अडथळे. मी एक घेतली होती. तिच्या वायरीवरच दात उमटले.

विमा

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हा विषय तिथेच संपला. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर दावा करता येतो. पण कुरतडण्यामुळे पुढे जे बिघडलं त्याला कंपनी 'परिणामी नुकसान' किंवा 'विजेचा बिघाड' म्हणून नाकारू शकते, कारण हे दोन्ही पॉलिसीत वगळलेले असतात. म्हणून फोटोत दातांच्या खुणा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. गाडी खोलायच्या आधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेला भाग टाकू नका. माझ्या ओळखीच्या एकाने वर्कशॉपमधून जुनं वायरिंग आणलंच नाही, आणि दावा अडकला.

हिशेबही करा. 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला हजार रुपये सक्तीने आपल्याला सोसावे लागतात, त्यावरच्या गाडीला दोन हजार. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. आणि दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढतो. साडेतीन हजारांच्या बिलासाठी मी दावा केला नाही. पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचं अख्खं जुडगं, बदलायचा असता तर नक्की केला असता.

स्कूटर आणि ट्रॅक्टर

स्कूटरमध्ये सीटखालचा डबा आणि एअर फिल्टर एवढ्या दोन जागा बघा, बाकी काम तेच. ट्रॅक्टर उसाच्या हंगामात रोज चालतो म्हणून वाचतो. उंदीर लागतात ते मे महिन्यात किंवा फड संपल्यावर, शेडमध्ये कडब्याशेजारी उभा असताना. सीटचा फोम, सेल्फची वायर, एअर क्लीनर तपासा, सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घाला, आणि चालू करायच्या आधी तो काढायला विसरू नका.

आणखी एक, पावसाळ्यापुरतं. उंदीर जिथे जातो तिथे धामण जाते, आणि नागही. शिराळ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्कूटरच्या हेडलाइटच्या मागे किंवा सीटखाली शेपटी दिसली तर काठी घालून ढोसू नका. धामण बिनविषारी आहे, पण घाईत ती ओळखता येत नाही. गाडी जिथे आहे तिथेच ठेवून चार हात लांब उभे राहा, नजर काढू नका, सर्पमित्राला बोलवा, आणि तो येईपर्यंत कुणालाही स्कूटर चालू करू देऊ नका.